छोटा नबी आणि मावशीची खोली

आमच्या शास्त्रात बारा छोटे नबी आहेत आणि त्या बारांतला सर्वांत छोटा माझ्या आवडीचा आहे. एकवीस वाक्यांत त्याचं काम संपतं. त्याच्या बापाचं नाव दिलेलं नाही, गावाचं नाही, कोणत्या राजाच्या काळातला तेही नाही. त्याच्या नावाचा अर्थ 'देवाचा चाकर' एवढाच, आणि असं नाव कोणाचंही असू शकतं. मी एका नर्सिंग होममध्ये मेट्रन आहे. थोडक्यात रिपोर्ट देणारा माणूस मला आवडतो.

'आमच्या' म्हणजे बेने इस्राएलांच्या. आम्ही कोकणातले ज्यू. रायगडच्या किनाऱ्यावर आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घाणे गेले, शनिवार राहिला. प्रार्थना हिब्रूत, भांडणं मराठीत आणि शास्त्रातल्या गोष्टी कीर्तनात. हो, कीर्तनात. माझे बाबा कोट आणि काळी टोपी घालून उभे राहायचे. पेटी, झांजा, आधी उपदेशाचा पूर्वरंग, मग गोष्टीचं आख्यान, सगळं रीतसर. फक्त आख्यानात इजिप्तचा राजा असायचा, आणि भावांनी विहिरीत ढकललेला मुलगा.

छोट्या नबीचं कीर्तन मात्र बाबांनी कधी केलं नाही. मी एकदा कारण विचारलं होतं.

"त्याच्यात गोष्ट कुठाय?" ते म्हणाले. "नुसतं झापलंय. पाऊण तास नुसतं झापून घ्यायला कोण बसेल? पेटीवाला पण उठून जाईल."

ते कीर्तन करायची वेळ शेवटी माझ्यावर आली, आणि त्याला कारण एक खोली.

घाटकोपरला एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचा प्रार्थनेचा हॉल होता. हॉलच्या मागे एक खोली, तिला जोडून न्हाणी. तिथे हॉलचा राखणदार आणि त्याची बायको राहायची. दार उघडणं, खोबरेल तेलाचे दिवे लावणं, पुस्तकं मांडणं हे त्याचं काम. तो वारला, आणि सुतक संपल्यावरच्या शनिवारी दार त्याच्या बायकोने उघडलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं आणि कोणी थांबवलंही नाही. तिला सगळे मावशी म्हणतात. कोणाची सख्खी मावशी ती नाही. पोरंबाळं नाहीत. पुतण्या आहे, मानखुर्दला, एका खोलीत पाच माणसं.

हॉलमध्ये एक खुर्ची होती. सागवानी, उंच पाठीची, जांभळ्या मखमलीची. ती मोठ्या नबीची. मोठा नबी म्हणजे जो मेलाच नाही, अग्नीच्या रथातून जिवंत वर गेला. तो एक दिवस परत येणार, म्हणून आमच्या प्रत्येक प्रार्थनास्थळात त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवतात. सुंतेच्या वेळी बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवतात. एरवी तिच्यावर कोणी बसत नाही, कोणी पर्ससुद्धा ठेवत नाही. मावशी ती खुर्ची रोज पुसायची.

"रोज काय पुसतेस?" मी म्हणायची. "आठवड्यातून एकदा पूस."

"आणि आला म्हंजे? धुळीत बसवू काय त्याला?"

मग बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. आमच्या हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष माझा सख्खा मोठा भाऊ. दादाने हॉलसाठी बिल्डरशी वर्षभर भांडण केलं हे मी मान्य करते. हॉल जाणारच होता. दादाने तो नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मिळवला, लिफ्टसकट. करारावर आमच्या बाजूची सही मात्र सण झाल्यावर करायची असं ठरलं. नकाशा आला तेव्हा त्याने तो हॉलच्या भिंतीवर लावला आणि आम्ही सगळे चष्मे पुसून पुढे झालो. हॉल होता. बायकांचा सज्जा होता. हात धुवायचं बेसिन होतं. पूर्वेच्या भिंतीत एक छान कमानदार कोनाडा होता.

"हा कसला?" मी विचारलं.

"नबीच्या खुर्चीचा," दादा म्हणाला. "स्पेशल सांगून करून घेतलाय. वरून लाइट येणार."

"झकास. आणि मावशीची खोली?"

"ती कुठे कागदावर आहे? राखणदाराची खोली होती. राखणदार नाही, तर खोली नाही. आणि नव्या बिल्डिंगला सिक्युरिटी असणार. दिव्यांना टायमर."

"म्हणजे जो कधीतरी येणार त्याला जागा आहे, आणि जी रोज इथे आहे तिला नाही."

"तू प्रत्येक गोष्टीत वाकडं बोलतेस."

"मी सरळ विचारलं रे. उत्तर वाकडं आलं."

बाकीचे नकाशा बघत राहिले. नकाशात बघण्यासारखं बरंच होतं.

कागदावर नसलेल्या खोलीला सहीची वाट बघावी लागत नाही. ती रिकामी करायचा दिवस मला कोणी कळवला नाही. मी सकाळची ड्यूटी संपवून घरी मुलुंडला निघाले होते, वाटेत घाटकोपरला उतरले कारण मावशीच्या बीपीच्या गोळ्या माझ्याकडे होत्या. गल्लीत टेम्पो उभा. बिल्डरची माणसं ट्रंक, स्टोव्ह, गादी बाहेर आणत होती. उर्मटपणा नव्हता. "आजी, सावकाश," वगैरे म्हणत होती. मावशी दारात उभी राहून चमच्याच्या दांड्याने चौकटीवरची मेझुझा उचकटत होती. मेझुझा म्हणजे देववचन ठेवलेली छोटी नळी, आमच्या प्रत्येक दाराला असते. रंगाच्या थरांत ती घट्ट बसली होती. मी पर्समधली कात्री काढली आणि तिला मदत केली. नळी निघाली. तिच्यामागे चौकटीचा मूळचा हिरवा रंग दिसला.

तेव्हा मी मागे वळून पाहिलं. समोरच्या फुटपाथवर, मेडिकलच्या दुकानापुढे, आमची सगळी मंडळी उभी होती. सेक्रेटरी, दोन कमिटी मेंबर, त्यांच्या बायका. हात पाठीमागे. एकजण हसत होता, बहुतेक मोबाइलवरच्या कशाला तरी. त्यांच्या पुढे दादाची गाडी, काच वर, आत दादा.

एवढ्यात एक बाई रस्ता ओलांडून आली. मला वाटलं, आली बाई मदतीला. तिने टेम्पोजवळची मावशीची तांब्याची परात उचलली. मावशीच्या आईची परात ती. हॉलमध्ये काहीही शुभ असलं की मलिदा त्यातच व्हायचा, म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे, मोठ्या नबीच्या नावाने. "हरवेल हो इथे," ती बाई म्हणाली, "मी सांभाळते," आणि परात घेऊन घरी गेली. मग बिल्डरच्या सुपरवायझरने विचारलं, आजींना कुठे सोडायचं, तात्पुरती जागा बघायची का? आणि आमचे सेक्रेटरी तिथूनच ओरडले, "गरज नाही! पुतण्या आहे मानखुर्दला! मी पत्ता देतो!"

अशी मावशी मानखुर्दला गेली. पाचांत सहावी. आठवड्याने मी तिला माझ्याकडे घेऊन आले. त्यात मोठेपणा काही नाही. मला अधूनमधून रात्रपाळी असते, घरी कोणी असलेलं बरं. मावशीने घरात पाऊल ठेवताच सांगितलं, "मी तुझ्याकडे राहायला नाही आले हां. वाट बघायला आलेय. माझी खोली ती माझी खोली." आणि मेझुझा माझ्या चमच्यांच्या खणात ठेवून दिली.

दादाला मी फोन केला.

"तू गाडीतून उतरला का नाहीस?"

"उतरून काय करणार होतो? तिचं सामान मी काढत होतो का?"

"नाही."

"कोणाला मी सांगितलं का, काढा म्हणून?"

"नाही."

"मग झालं तर. मी लांब उभा होतो."

मी फोन ठेवला. ज्याला आपण काय बोललो ते कळलेलं नाही त्याच्याशी पुढे काय बोलायचं? छोट्या नबीचं सगळं भांडण नेमकं त्या एका गोष्टीशी आहे. दोन जुळे भाऊ होते, त्यांची दोन कुळं झाली. धाकट्याचं कुळ शहरात राहिलं, थोरल्याचं उंच खडकांच्या कपारीत. एके दिवशी परक्यांनी शहर लुटलं. थोरल्या कुळाने हल्ला केला नाही, आग लावली नाही. ते फक्त लांब उभे राहिले. आणि नबी त्यांना म्हणतो की त्या दिवशी तुम्हीही लुटणाऱ्यांतलेच एक होता.

त्यानंतर तो जे सांगतो ते मी रोज वॉर्डात बघते. पडून असलेल्या पेशंटला बेडसोअर होतो. तो कोणी करत नाही. तो होतो, कारण पेशंटला कूस बदलून द्यायला कोणी येत नाही. आधी कातडी नुसती लाल होते. मग सोलते. मग मांस, आणि मग हाड दिसायला लागतं. नातेवाईक विचारतात, कोणी केलं हे? कोणीच नाही. तेच तर. छोट्या नबीकडे या अशाच पायऱ्या आहेत. आधी लांब उभं राहिलात. मग बघत राहिलात. मग हसलात. मग वेशीतून आत येऊन सामानाला हात लावलात. मग नाक्यावर उभं राहून पळणाऱ्यांचा पत्ता दिलात. प्रत्येक पायरीला तो एकच शब्द वापरतो, नव्हतं करायचं, नव्हतं करायचं. त्या ओळींत उपमा नाही, अलंकार नाही. मेडिकलसमोरचा फुटपाथ मला ओळीने दिसला. परात आणि पत्त्यासकट.

सण जवळ आले तेव्हा सेक्रेटरींचा फोन आला. जुन्या हॉलमधला शेवटचा कार्यक्रम शिळ्या सणाला ठेवलाय. शिळा सण म्हणजे दारफळणीनंतरचा दिवस. दारफळणीला आम्ही कडक उपास करतो, दिवसभर देवाची क्षमा मागतो. पूर्वी गावाकडे त्या दिवशी दारंखिडक्या लावून बसत, म्हणून हे नाव. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, एकमेकांकडे जायचं, गरिबाला द्यायचं.

"सिस्टर, तुम्ही कीर्तन करा ना. बाबांची आठवण म्हणून. अध्यक्षसाहेबांना वेळ नाही."

"मी कधी केलेलं नाही."

"अहो, घरातच आहे तुमच्या. काहीतरी हलकंफुलकं घ्या. लोक उपासातून उठलेले असतात."

"छोटंसं घेते," मी म्हटलं.

पेटीला वहिनी. ती आमच्यात एकटीच बरी वाजवते. दादा-वहिनी मुलुंडलाच टॉवरमध्ये राहतात, इतक्या वर की घारी त्यांच्या गॅलरीच्या खालून उडतात. आम्ही सरावाला तिथेच बसलो, दादा ऑफिसात असताना.

"आख्यान कुठलं?" वहिनीने विचारलं.

"छोटा नबी."

"त्याच्यात गोष्ट कुठाय?"

"आहे. मेडिकलसमोर घडलेली."

वहिनीने भाता बंद केला. त्या दिवशी ती तिथे नव्हती, पण तिला सगळं माहीत होतं. तिने खाली उडणाऱ्या घारीकडे पाहिलं.

"तुझा भाऊ मला घरात घेणार नाही."

"फ्लॅट तुझ्या नावावर आहे ना?"

"अर्धा."

"मग अर्ध्यात राहा."

ती हसली. "बाई, कुठल्या पट्टीत गाणार आहेस ते सांग. तुझा आवाज फुटका आहे."

शिळ्या सणाला दुपारी हॉल भरला. शेवटचा कार्यक्रम म्हणून डोंबिवली, ठाण्याहून माणसं आली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या. मी मावशीला रिक्षाने घेऊन आले. ती नवं लुगडं नेसली होती. ती दारात आली तेव्हा सगळ्यांनी तिला पाहिलं, आणि लगेच सगळ्यांना काही ना काही काम निघालं. कोणी मोबाइल काढला, कोणी मुलाचं बटण लावायला लागलं. "मावशी, या, बसा" एवढं कोणी म्हटलं नाही. एकाही माणसाने वाईट काही केलं नाही, हे पुन्हा सांगते.

मी तिचा दंड धरून तिला सरळ पुढे नेलं आणि नबीच्या खुर्चीपुढे थांबले.

"बस इथे."

"डोकं फिरलंय का गो तुझं?"

"गुडघे दुखतायत ना?"

"दुखतायत."

"मग बस. तो आला की ऊठ."

मावशीने यावर विचार केला. खुर्चीच्या हाताला बोट लावून धूळ पाहिली. तोंड वाकडं केलं. पदराने खुर्ची पुसली आणि बसली.

हॉलमध्ये जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. सेक्रेटरी अर्धे उठले. "अहो सिस्टर, ती नबीची..."

"माहीत आहे," मी म्हटलं. "वहिनी, काळी दोन."

पेटी वाजली. पेटी वाजायला लागल्यावर मध्ये बोलायची आमच्यात पद्धत नाही. बाबांनी लावलेली शिस्त त्या दिवशी उपयोगी पडली.

पूर्वरंगात मी दोन भावांची गोष्ट सांगितली. उंच कपारीत राहणाऱ्यांना वाटतं, आपल्याला खाली कोण ओढणार? घरटं ताऱ्यांत बांधलं तरी तिथूनही उतरवीन, असं देव त्यांना बजावतो. इथे वहिनीने मला बघून एक सूर जास्तच लांबवला. मग आख्यान. आमचे जुने लोक मानतात की हा छोटा नबी म्हणजे दुष्ट राजाच्या वाड्यातला कारभारी. मोठ्या नबीच्या काळातला. राणीने नबींची कत्तल सुरू केली तेव्हा यानेच शंभर जणांना गुहांमध्ये लपवलं आणि भाकर-पाणी पोचवलं, राजाच्या नाकाखाली. त्यालाही लांब उभं राहता आलं असतं. वाड्याच्या गच्चीवरून छान दिसलं असतं. तो भाकऱ्या घेऊन गुहेत गेला. म्हणून लांब उभे राहणाऱ्यांना झापायचा हक्क त्याला आहे.

"आणि आता," मी म्हटलं, "हीच गोष्ट आपल्या गल्लीतली."

नावं मी कोणाची घेतली नाहीत. छोटा नबीही घेत नाही. मी फक्त पायऱ्या सांगितल्या. खोली रिकामी होताना लांब उभं राहायला नको होतं. बघत राहायला नको होतं. हसायला नको होतं. परात उचलायला नको होती. पत्ता द्यायला नको होता. गाडीची काच वर ठेवायला नको होती. प्रत्येक 'नको होतं'ला वहिनी पेटीवर तोच एक सूर देत होती, खाली-वर न करता. काल आपण सगळ्यांनी इथे उपाशीपोटी देवाची क्षमा मागितली, मी म्हटलं, पण देवाची खोली कोणी काढून घेतलेली नाही. त्याला तर कोनाडा आहे, वरून लाइटसकट.

दादा उठला. "हे कीर्तन आहे का पंचायत?"

पेटी थांबली. वहिनीने भाता मात्र हातातच ठेवला.

"दोन्ही," मी म्हटलं.

"स्वतःच्या भावाला चारचौघांत..."

"हा नबी स्वतः त्या थोरल्या कुळातलाच होता म्हणतात. आपल्याच माणसांना बोलला. परक्यांना झापून काय उपयोग? त्यांनी कुठे आपल्या घरचं मीठ खाल्लंय?"

"तुला काय माहीत मी काय काय सोसलंय या हॉलसाठी? बिल्डर म्हणाला, आणखी एक मागणी आणलीत तर पहिला मजलाही विसरा. वर दहा घरं ताटकळत आहेत. त्यांना काय सांगू? एका खोलीसाठी सगळ्यांची वाट लावू?"

ही काही खोटी गोष्ट नव्हती. लोकांनी माना हलवल्या. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"मी ऐकतेय हां. बहिरी नाही झालेय अजून."

सगळे तिकडे वळले. इतक्या मोठ्या पाठीच्या खुर्चीत मावशी लहान दिसत होती, पण अजिबात अवघडलेली नव्हती.

"मला बंगला नको," ती म्हणाली. "एक खोली, एक न्हाणी, एक खिडकी. खिडकी हॉलच्या बाजूला नको. तुमची भांडणं ऐकू येतात."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. दादा हसला नाही.

"आधी तिला तिथून उठव," तो मला म्हणाला. "मग बोलू."

"आधी तिला बसायची जागा दाखव. मग उठेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी माझ्याशी खेळात हरला की तो असाच बघायचा. मग तो वळला आणि बाहेर गेला. दारात गर्दी होती, तिने त्याला वाट दिली.

कीर्तन मी पुरं केलं. छोट्या नबीचा शेवट लोकांना माहीत नसतो. एवढं झापून झाल्यावर तो चक्क जागावाटप करतो. हाकलून दिलेले परत येतील, दक्षिणेच्यांना डोंगर, सपाटीवरच्यांना किनारा, ज्याची जागा त्याला. पुनर्विकासाच्या सभेत वाचून दाखवावं तसं. मी ते तसंच सांगितलं आणि खाली बसले. घसा बसला होता.

तेवढ्यात ती परातवाली बाई उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, गेली रागावून. थोड्या वेळाने ती परत आली ती परात कमरेवर घेऊन. घासून लख्ख केलेली. तिने ती मावशीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "सांभाळली होती हो." मावशी म्हणाली, "दिसतंय. आता पोहे आण." मलिदा त्याच परातीत झाला, त्याच खुर्चीसमोर. मावशी संध्याकाळी दिवे लागेपर्यंत खुर्चीतून उठली नाही. शेवटी न्हाणीला जायचं म्हणून उठली, आणि न्हाणी पाडलेली होती, म्हणून आम्ही घरी आलो.

दादाने बिल्डरच्या करारावर सही केली नाही, हे मला वहिनीकडून कळलं. त्याने काही भाषण केलं नाही. बिल्डरला एवढंच म्हणाला की आमची एक खोली नकाशात राहून गेली आहे. बिल्डर ओरडला, महिने गेले, वरची दहा घरं मला फोनवरून शिव्या घालत होती, आणि त्यांचंही बरोबर होतं. शेवटी नवा नकाशा आला. कमानदार कोनाडा गेला. त्याची जागा आणि बाजूचा पॅसेज मिळून हॉलला लागून एक खोली निघाली, न्हाणीसकट. खिडकी रस्त्याकडे. नबीची खुर्ची कुठे ठेवायची यावर कमिटीत पुन्हा वाद झाला, मावशीने तो मिटवला. "माझ्या खोलीत ठेवा. आला तर दार मीच उघडणार आहे."

दादा माझ्याशी बोलत नव्हता. आमच्या भाचीच्या लग्नात त्याने मला जेवणाच्या रांगेत पुढे जाऊ दिलं, तेही न बोलता.

आता इमारत पहिल्या मजल्याच्या वर गेली आहे. नकाशावर खोली असणं वेगळं आणि विटांत असणं वेगळं, हे कोणाही मुंबईकराला सांगायला नको. म्हणून ड्यूटीवरून येताना मी अधूनमधून घाटकोपरला उतरते. पर्समध्ये टेप असतो. सुपरवायझर आता मला ओळखतो आणि तोंड फिरवतो. परवा मी अशीच गेले. विटांच्या भिंती छातीइतक्या झाल्या होत्या. दाराची चौकट बसवलेली, कोऱ्या लाकडाची. खोली मोजायला घेतली, पण एकटीने टेप धरता येत नाही. एक टोक विटेवर ठेवलं की दुसरीकडून सुटतं.

टेप दाबून ठेवायला मी पायाखाली विटेचा तुकडा शोधत होते तेव्हा खाली गल्लीत दादाची गाडी दिसली. मेडिकलसमोर. या वेळी तो बाहेर उतरून उभा होता, हात पाठीमागे, वर बघत.

मी वाकून हाक मारली. "लांब का उभा आहेस?"

मेडिकलवाला पण वर बघायला लागला. दादाने इकडेतिकडे पाहिलं. मग रस्ता ओलांडला. जिन्याला कठडा नव्हता, तो भिंतीला हात लावत सावकाश वर आला, धापा टाकत. माझ्याकडे न बघता खोलीकडे बघायला लागला.

"नकाशात आहे तेवढी भरते का?" त्याने विचारलं.

"ते टोक धर," मी म्हटलं. "घट्ट. मग सांगते."